जुनी स्प्लेंडर घेताना इंजिनापलीकडे काय तपासावे?

डेअरीवर दूध पोचवणे, दुकानातून खताची गोणी आणणे, रात्रीच्या पाळीत विहिरीवरचा पंप सुरू करायला जाणे, बाजार समितीत भाव पाहून येणे, या सगळ्या कामांत मोटारसायकल हे आता शेतीचे अवजारच झाले आहे. नवीन गाडीचा खर्च झेपत नसेल तर शेतकरी जुनी गाडी पाहतो, आणि त्यात स्प्लेंडरला पहिली पसंती असते. मायलेज चांगले, सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि गावातला कोणताही मेकॅनिक ती उघडू शकतो, ही त्यामागची कारणे खरीच आहेत.

मात्र व्यवहार करताना बहुतेक जण एका किकमध्ये गाडी सुरू होते का, एवढेच पाहतात. इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला की इसार दिला जातो. इंजिन बंद पडले तर गाडी ढकलत घरी आणता येते. ब्रेक, हँडल, चाक किंवा चेसी यांनी दगा दिला तर अपघात होतो. म्हणून स्प्लेंडरचे इंजिन टिकाऊ आहे या नावलौकिकावर बाकीची गाडी पास करू नये. गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का, याची तपासणी वेगळी करावी.

सरकारी तपासणी केव्हा होते?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. ट्रक, टेम्पो, रिक्षा अशा परिवहन वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी दुचाकीला पहिल्या १५ वर्षांत अशी तपासणी नसते. पीयूसी ही फक्त धुराची चाचणी आहे, तिचा ब्रेक किंवा टायरशी संबंध नाही. त्यामुळे ८-१० वर्षे जुन्या स्प्लेंडरची आरसी, विमा आणि पीयूसी चालू असली, तरी ती गाडी चालवण्यास सुरक्षित आहे असे कोणीही तपासून सांगितलेले नसते.

१५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतात. चेसी क्रमांक, दिवे, हॉर्न, आरसे, ब्रेक, टायर, नंबर प्लेट यांची पाहणी होते. गाडी योग्य आढळल्यास नोंदणी ५ वर्षांनी वाढते. ही पाहणी त्या दिवसाच्या स्थितीची असते. ब्रेकच्या ड्रममधले लायनर, चाकाचे बेअरिंग किंवा रंगाखाली झाकलेली चीर त्यात उघडून पाहिली जात नाही. पाहणीनंतर वर्षभर गाडीवर दुधाचे कॅन वाहिले गेले असतील, तर कागद तोच राहतो आणि गाडी बदललेली असते. म्हणून नूतनीकरण झालेली गाडीही स्वतः तपासूनच घ्यावी.

गाडी कोणत्या काळातली आहे ते ओळखा

स्प्लेंडर १९९४ मध्ये बाजारात आली आणि ९७.२ सीसीचे इंजिन तिची ओळख बनले. नाव तेच राहिले तरी गाडी वेळोवेळी बदलली. उत्पादनाचे वर्ष आरसीवर पाहावे आणि त्यानुसार तपासणी करावी.

• टाकीवर 'हिरो होंडा' असे नाव असल्यास : कंपनीचे नाव २०११ मध्ये हिरो मोटोकॉर्प झाले. त्यामुळे अशा गाडीची १५ वर्षांची मुदत संपलेली किंवा संपत आलेली असण्याची शक्यता मोठी आहे. आरसीवरील 'नोंदणी वैधता' ही तारीख सर्वांत आधी पाहावी.

• एप्रिल २०१७ नंतरची गाडी (बीएस-४) : इंजिन चालू होताच हेडलाइट आपोआप लागला पाहिजे. त्यासाठी वेगळे बटण बसवलेले दिसले तर वायरिंगमध्ये छेडछाड झालेली आहे.

• एप्रिल २०१९ नंतरची गाडी : १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोड ब्रेक प्रणाली सक्तीची झाली. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे, ते हाताने फिरवून मागचा ब्रेक दाबावा. चाक थांबले नाही, तर जोडकेबल तुटली आहे किंवा काढून टाकली आहे.

• एप्रिल २०२० नंतरची गाडी (बीएस-६) : कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. चावी फिरवल्यावर मीटरमधला इंजिनाचा दिवा लागून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल किंवा विझत नसेल, तर स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी.

शेतीकामात गाडी कुठे झिजते?

शहरात नोकरदाराने वापरलेली स्प्लेंडर आणि दूधवाल्याने वापरलेली स्प्लेंडर एकाच वर्षाची असली तरी सारखी नसते. या गाडीची एकूण भारक्षमता सुमारे १३० किलो आहे, त्यात चालवणाराही धरलेला असतो. ४० लिटरच्या दोन कॅनमधले दूधच ८२ किलोच्या आसपास भरते. चालवणारा ६५ किलोचा धरला तर कॅन आणि कॅरिअरचे वजन न धरताच भार १४७ किलो होतो. डीएपीच्या ५० किलोच्या दोन गोण्या लादल्या तर तो १६५ किलोवर जातो.

हा भार इंजिन ओढते, पण तो झेलावा लागतो मागच्या शॉकॲब्सॉर्बरला, चेसीच्या मागच्या नळ्यांना, चिमट्याला, चाकाच्या तारांना आणि टायरला. ब्रेकही तेवढ्या वजनासाठी बनवलेले नसतात. खत आणि फवारणीच्या औषधांनी कॅरिअर, रिम व तारांची टोके लवकर गंजतात. चिखलणीच्या शेतात किंवा ओढ्याच्या पाण्यात वारंवार गेलेल्या गाडीच्या ब्रेक ड्रममध्ये व बेअरिंगमध्ये माती शिरते. कोकण किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे गंजाचा प्रश्न अधिक असतो.

त्यामुळे विक्रेत्याला किती किलोमीटर चालली हे विचारण्याआधी गाडीवर काय वाहिले जायचे, हे विचारावे. किलोमीटरचा आकडा मीटर किंवा त्याची केबल बदलून सहज फसवा होतो. फूटरेस्टचे रबर, ब्रेक व गिअरच्या पायपट्ट्या आणि सीटची झीज पाहून वापराचा अंदाज बांधावा. सीटच्या दोन्ही बाजूंना चेसीवर घासल्याच्या खुणा असतील तर कॅनचे कॅरिअर बसवलेले होते असे समजावे.

तपासणी कशी करावी?

गाडी दिवसाउजेडी, धुतलेली आणि थंड असताना पाहावी. येण्यापूर्वी इंजिन गरम करू नये, असे विक्रेत्याला सांगून ठेवावे. सोबत टॉर्च, जुने फडके आणि ३-४ मीटर सुतळी घ्यावी. शक्य असल्यास आपल्या ओळखीचा मेकॅनिक न्यावा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

१) चेसी
हँडलखालच्या नळीवर कोरलेला चेसी क्रमांक आणि इंजिनाच्या खालच्या भागावरचा क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा. क्रमांकावर घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर व्यवहार तिथेच थांबवावा. नंतर टॉर्च घेऊन हँडलखालचा जोड, शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टजवळचा भाग, फूटरेस्टचे जोड आणि चिमटा पाहावा. कारखान्यातले वेल्डिंग एकसारखे असते. जाडेभरडे वेल्डिंग किंवा एकाच जागी ताजा रंग दिसला तर तिथे चीर पडली होती असे धरून चालावे.

२) चाकांची सरळ रेषा
स्प्लेंडरची दोन्ही चाके जवळजवळ सारख्या रुंदीची असतात. हँडल सरळ ठेवून मागच्या टायरला घासून पुढच्या टायरपर्यंत सुतळी ताणावी. हेच दुसऱ्या बाजूने करावे. दोन्ही बाजूंना पुढच्या टायरपासूनचे अंतर सारखे यावे. फरक असेल तर आधी चेनच्या दोन्ही ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का ते पाहावे. त्या सारख्या असूनही फरक राहिला तर चेसी, चिमटा किंवा पुढचे फोर्क वाकलेले आहेत.

३) हँडल आणि पुढचे फोर्क
गाडी डबल स्टँडवर घेऊन दुसऱ्याला मागे दाब द्यायला सांगावे, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकत असेल तर बॉलरेसर झिजले आहेत. फोर्कचा खालचा भाग धरून पुढेमागे हलवावा, खटखट जाणवली तर हाच दोष. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ असल्यास ऑइल सील गेलेली असते, आणि ते तेल पुढच्या ब्रेकपर्यंत पोचू शकते.

४) ब्रेक
जुन्या बहुतेक स्प्लेंडरना पुढे-मागे १३० मिलिमीटरचे ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक पूर्ण दाबून ड्रमवरच्या लिव्हरजवळचा बाण पाहावा. तो प्लेटवरच्या खुणेला भिडला असेल तर ब्रेक शू संपले आहेत. ॲडजस्टिंग नट शेवटपर्यंत आवळलेला असेल तरी हाच अर्थ. नवीन शू टाकणे हे कमी खर्चाचे काम आहे, पण ड्रम आतून खोलवर घासला असेल तर खर्च वाढतो. चाक फिरवताना एका ठरावीक जागी घासत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा चाक वाकडे आहे.

५) चाके, तारा आणि टायर
चाक उचलून फिरवावे आणि रिम डावी-उजवीकडे डुलते का ते पाहावे. प्रत्येक तारेवर पाना हलकेच वाजवावा. घट्ट तार खणखणीत वाजते, ढिली तार बद्द वाजते. अलॉय चाक असेल तर आऱ्यांच्या मुळाशी चीर आहे का ते पाहावे. चाक दोन्ही हातांनी आडवे हलवावे. चाकातच खेळ असेल तर बेअरिंग, आणि चाकासह चिमटा हलत असेल तर चिमट्याचे बुश गेलेले आहेत. टायरच्या बाजूवर झिजेची खूण दाखवणारी चिन्हे असतात. त्या रेषेत नक्षीच्या खोबणीतला उंचवटा पृष्ठभागाशी समतल झाला असेल, तर टायर बदलण्याशिवाय पर्याय नाही. बाजूला भेगा असतील तर नक्षी शिल्लक असूनही टायर बाद समजावा.

६) चेन
या गाडीची चेन पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे तिची अवस्था बाहेरून कळत नाही. चेनकव्हरवरचे रबरी बूच काढून चेन बोटाने वर-खाली हलवावी. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर खेळ असावा. मागचे चाक हळूहळू फिरवत वेगवेगळ्या जागी हे पाहावे. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागत असेल तर पूर्ण चेनसेट बदलावा लागेल. ॲडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत मागे गेले असल्यास चेन संपलेली आहे.

७) दिवे आणि हॉर्न
हेडलाइटचा वरचा व खालचा झोत, चारही इंडिकेटर, मागचा दिवा आणि हॉर्न तपासावेत. ब्रेकचा दिवा पुढच्या व मागच्या, दोन्ही ब्रेकने वेगवेगळा लागतो का ते पाहावे. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, अनेकदा मागे रिफ्लेक्टर नसतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. मिणमिणत्या दिव्यात ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक लावायला जागाच उरत नाही. शक्य असल्यास संध्याकाळी भिंतीवर झोत टाकून पाहावा.

८) इंजिन
थंड इंजिन किकने सुरू करावे. निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळते आहे. पहाटेच्या थंडीत थोडी पांढरी वाफ येणे हा दोष नाही. ऑइलची पट्टी काढून पातळी पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेलेले आहे. सायलेन्सरला खालून छिद्रे पडली आहेत का, तेही पाहावे.

९) चालवून पाहणे
हेल्मेट घालून, मोकळ्या व कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवावी. ताशी २५-३० किलोमीटर वेगात आधी मागचा, मग पुढचा आणि शेवटी दोन्ही ब्रेक लावून पाहावेत. गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक लावताना हँडल थरथरते का, चढावर क्लच घसरतो का, गिअर आपोआप सुटतो का, याकडे लक्ष द्यावे. त्यानंतर एका माणसाला मागे बसवून खड्ड्याच्या रस्त्याने फेरी मारावी. रिकाम्या गाडीत लपलेले मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे दोष भार पडल्यावर कळतात.

कोणता दोष आढळल्यास काय करावे?

• दर कमी करून घेता येईल : ब्रेक शू, केबल, टायर, चेनसेट, बॅटरी, बल्ब, आरसे, फोर्कची ऑइल सील, बॉलरेसर. हे सर्व भाग बदलता येतात. मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी आणि गाडी वापरात घेण्याआधी काम करून घ्यावे.

• विचार करून ठरवावे : निळा धूर, गिअर सुटणे, वाकलेले चाक, चिमट्याचे बुश. एकट्याने हे दोष दुरुस्त होतात, पण दोन-तीन एकत्र असतील तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

• गाडी सोडून द्यावी : हँडलखालच्या जोडाला चीर किंवा वेल्डिंग, वाकलेली चेसी, खाडाखोड केलेला चेसी क्रमांक, आरसीशी न जुळणारे इंजिन, न फिटलेले कर्ज. कितीही स्वस्त मिळाली तरी अशी गाडी महागच पडते.

कागदपत्रे आणि नाव लावणे

एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणी, विमा आणि पीयूसीची मुदत, तसेच गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे. बोजा असल्यास फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र घेऊन तो आधी उतरवून घ्यावा. ई-चलनाची थकबाकीही तपासावी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी (एचएसआरपी) बसवली आहे का ते पाहावे, नसल्यास आरटीओतील पुढची कामे अडतात.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते.

गावाकडे सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन गाडी हातोहात फिरते आणि आरसीवर पहिल्याच मालकाचे नाव राहते. यात विकणाऱ्यालाही धोका आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणून जुनी गाडी विकताना पैसे मिळाले म्हणजे काम संपले असे समजू नये. नाव बदलल्याची खात्री ॲपवर करून घ्यावी.

१५ वर्षांवरील गाडी घ्यावी का?

१५ वर्षे झाली की गाडी भंगारात काढावीच लागते, हा गैरसमज आहे. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात गाडी योग्य स्थितीत असेल तर नोंदणीचे नूतनीकरण होते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरून अर्ज करता येतो. मोटारसायकलसाठीचे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाले, आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आले. याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो आणि अर्जाला उशीर झाल्यास जादा शुल्क लागते. मुदत संपलेली गाडी घेताना हा सगळा खर्च, टायर-ब्रेकचे काम आणि आरटीओच्या फेऱ्या किमतीत धराव्यात. शक्यतो विक्रेत्यालाच आधी नूतनीकरण करून द्यायला सांगावे. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे शिबिर होत असेल तर जिल्ह्याची फेरी वाचते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

दूध संस्था, शेतकरी गट किंवा गावसभेच्या निमित्ताने खरीप हंगामापूर्वी आणि उसाच्या गळीतापूर्वी अर्ध्या दिवसाची दुचाकी तपासणी ठेवता येते. गावातला मेकॅनिक, टॉर्च आणि सुतळी एवढी सामग्री पुरते. ब्रेकची खूण, टायर, मागचा दिवा आणि चेसीचे जोड या चार गोष्टी प्रत्येक गाडीवर पाहिल्या तरी धोक्याच्या गाड्या वेगळ्या काढता येतात. दूध वाहणाऱ्या गाड्यांना प्राधान्य द्यावे आणि कॅरिअरच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावून घ्यावी.

थोडक्यात महत्त्वाचे

• आरसी, विमा आणि पीयूसी चालू असणे म्हणजे गाडी सुरक्षित असणे नव्हे.
• इसार देण्यापूर्वी चेसी क्रमांक, हँडलखालचा जोड आणि चाकांची रेषा पाहावी. यातच दोष असेल तर पुढची तपासणी करण्याची गरज नाही.
• गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ब्रेक उघडून साफ करावेत, केबल व ऑइल बदलावे आणि टायरमधील हवा चेनकव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे भरावी.
• पाण्यातून गाडी काढल्यावर काही अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबावेत, म्हणजे ड्रम कोरडा होऊन पकड परत येते.
• भार १३० किलोच्या आत ठेवावा. जास्त माल असेल तर दोन फेऱ्या कराव्यात.